तेराव्याला वाजवू नकोस

नौपाडा, ठाणे
१७ जानेवारी २०२३

प्रिय शिष्योत्तमे,

अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. तुझा आवाज भरून आला नेमका तेव्हाच मागे घोडबंदर रोडवर मेट्रोचं मशीन सुरू झालं, त्यामुळे मधलं थोडं गळलं. पण मतलब समजला. जेफ बेक, तुझा लाडका इंग्लिश गिटारवादक, गेल्यापासून तुझं कशात लक्ष नाही. घरात कोणाला त्याचं सोयरसुतक नाही. येत्या रविवारी, २२ तारखेला, कॉलेजच्या बँडला घेऊन तुला ट्रिब्यूट करायचाय, कारण तो बरोबर तेरावा दिवस येतो. आणि त्यासाठी हप्त्यांवर नवी स्ट्रॅट (त्याच्यासारखी इलेक्ट्रिक गिटार) घेऊ का, हा प्रश्न अगदी शेवटी, हळूच. एवढ्या हळू विचारलास म्हणजे उत्तर तुला ठाऊक आहे.

आधी आईचं. "तो आपल्या कोणाचा कोण?" असं ती म्हणाली आणि तू दार आपटून आत गेलीस. अगं, २४ जानेवारी २०११ ला पंडित भीमसेन जोशी गेले त्या दिवशी तुझे आजोबा जेवले नव्हते, हे मला तुझ्या आईनेच सांगितलंय. कुठे त्यांचं गदग, कुठे तुमचं कासारवडवली! भीमसेनजी तुमच्या कुठल्या नात्यातले होते? ती हे विसरलेली नाही, तिला फक्त तुझ्या माणसाचा सूर अजून ऐकू आलेला नाही. तिच्याशी वाद घालू नकोस. तिला काय ऐकवायचं ते पुढे सांगतो.

तुझ्या गिटारवाल्या ग्रुपमधल्या त्या दाढीवाल्याने "तू कधीपासून ऐकतेस त्याला?" म्हणून टोमणा मारला, त्याचं मात्र मनावर घेऊ नकोस. तू लॉकडाउनमध्ये ऐकायला लागलीस, बरं, मग? त्याचा 'ब्लो बाय ब्लो' निघाला १९७५ ला. माझ्या हाती ती कॅसेट आली तेव्हा तो अल्बम जुना होऊन कोपऱ्यात गेलेला होता. ठाण्याहून लोकलने व्हीटी, तिथून चालत काळा घोडा, ऱ्हिदम हाउसच्या त्या छोट्या बूथमध्ये हेडफोन लावून आधी फुकट ऐकायचं आणि पगार झाला की विकत घ्यायचं. आमच्या पिढीतला एकजात प्रत्येक जण उशिरानेच पोचलेला आहे. तो दाढीवालाही. त्याला विचार, १९६५ मध्ये तो कुठे होता.

आणि तुला जास्त लागलंय ते का, हेही माझ्या लक्षात आलंय. काही कलाकार जायच्या कितीतरी आधी थांबलेले असतात, त्यांचं रडून झालेलं असतं. हा माणूस अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, मागच्या वर्षापर्यंत, दौऱ्यावर होता. नवा अल्बमही काढला होता (जॉनी डेपबरोबरचा. मला तो फारसा रुचला नाही, पण ते असो). मग एकाएकी बॅक्टेरियल मेनिन्जायटिस, आणि १० जानेवारीला संपलं. जगाला कळलं दुसऱ्या दिवशी. पुढे काय वाजवेल याची वाट बघावी अशा वयस्क माणसांची यादी फार मोठी नसते. तुझं वाईट वाटणं रास्त आहे.

आता ट्रिब्यूट. रविवारी करू नकोस.

तुझ्या मेसेजमध्ये गाण्यांची यादी होती. त्यात सगळी वेगाची, धडाक्याची गाणी. 'फ्रीवे जॅम'ची टॅबही (कुठल्या तारेवर कुठे बोट, ते लिहिलेला कागद) मागितलीस. टॅब देतो, पण पाच दिवसांत बसवलंस तर काय होईल ते मला आत्ताच ऐकू येतंय. सूर बरोबर, जागा बरोबर, आणि त्यात तो कुठेच नाही. कारण तू त्याचे व्हिडिओ बघताना डाव्या हाताकडे बघतेस. बोटं फ्रेटबोर्डवर पळतात, तिकडे नजर जाणारच. त्याची निम्म्याहून जास्त कारागिरी उजव्या हातात आहे.

ऐंशीच्या दशकात त्याने पिक, म्हणजे तार छेडायची चकती, सोडूनच दिलं. तार अंगठ्याने आणि बोटांनी छेडायची, करंगळी व्हॉल्यूमच्या नॉबवर, आणि ट्रेमोलोचा, म्हणजे तारा ताणायचा-सैल करायचा, दांडा हाताशीच. तार छेडताना नॉब बंद. मग करंगळीने आवाज वर आणायचा. त्यामुळे तारेवरचा आघात कानावर येतच नाही, सूर आपोआप उगवल्यासारखा येतो. दांडा दाबला की सूर उतरतो, वर ओढला की चढतो, कारण ब्रिज, म्हणजे तारा बसवलेली पट्टी, दोन्हीकडे हलेल असा मोकळा ठेवलेला. १९८९ च्या 'गिटार शॉप' अल्बममधलं 'व्हेअर वेअर यू' डोळे मिटून ऐक. तारेला नुसता स्पर्श करून हार्मोनिक, म्हणजे बारीक घंटेसारखा सूर, काढायचा आणि मग अख्खी चाल त्या दांड्यावर वळवायची, असं ते वाजवलंय. दांडा केसभर जास्त दाबला गेला तर बेसूर. बल्गेरियातल्या बायकांचं समूहगान ऐकून त्याला ते सुचलं होतं. गिटारवाल्याने गिटारवाल्यांनाच ऐकत बसायचं नसतं, हे मी तुला पहिल्या महिन्यापासून सांगतोय. तुला ते माझ्या वयाचं लक्षण वाटत आलंय.

आपलं संगीत त्याच्या कानावर फार आधी पडलं होतं. गिटारवादक एरिक क्लॅप्टन यार्डबर्ड्स या इंग्लिश बँडमधून बाहेर पडला, त्या जागेसाठी जिमी पेजने जेफ बेकचं नाव सुचवलं. वर्ष १९६५. 'हार्ट फुल ऑफ सोल' या गाण्यासाठी स्टुडिओत चक्क सतारवादक बोलावला होता. पण सतारीचा आवाज त्या गाण्यात भरेना. तेव्हा विशीतल्या या पोराने फझ (आवाज खरखरीत करणारं यंत्र) लावून तीच ओळ गिटारवर काढली आणि रेकॉर्डवर ती गेली. पुढे पस्तीसेक वर्षांनी त्याने नितिन सॉनीचं 'नदिया' वाजवलं. मूळ गाणं स्वाती नाटेकर यांनी गायलेलं आहे. आईला हेच ऐकवायचं. आधी नाटेकरांचा गळा, मग लगेच याची गिटार. मधे बोलायचं नाही, "बघ, मी सांगत होते ना" असंही नाही. ती आपणहून विचारेल, ही मींड कशी घेतली म्हणून. तिच्या गाण्याच्या पाच परीक्षा झाल्यात, तिचे कान माझ्यापेक्षा तयार आहेत.

या हाताला पाच दिवस पुरत नाहीत. महिने लागतात. म्हणून रविवार नको.

दुसरं कारण जरा वेगळं आहे. सवाई गंधर्व १९५२ ला गेले. पुढच्या वर्षापासून त्यांच्या स्मरणार्थ पुण्यात महोत्सव सुरू झाला, भीमसेनजींनी तो आयुष्यभर चालवला. तिथे कोणी सवाई गंधर्वांची ध्वनिमुद्रिका समोर ठेवून तशीच्या तशी गायलं का? दुसऱ्या घराण्याचे लोक येऊन आपापलं गायले, सतार वाजली, सरोद वाजला. भीमसेनजींच्या गाण्यात तर गुरूच्या तालमीखेरीज किती जणांचं काय काय मिसळलेलं होतं. गुरू गेल्यावर शिष्याने आपलं उत्तम तेच तिथे आणलं. मला ही रीत पटते. आपल्या ठाण्यात गडकरी रंगायतनला राम मराठे महोत्सव होतो, त्यालाही तू एकदा आजोबांबरोबर गेली होतीस ना? तिथे कोणी रामभाऊंचा वेश करून बसलेलं पाहिलंस? आणि तू मला जेफ बेकसारखं बिनबाह्यांचं जॅकेट आणि गळ्यात स्कार्फ घालू का विचारतेस.

जेफ बेक स्वतः काय करायचा ते बघ. 'ब्लो बाय ब्लो'वरचं 'कॉज वुइव्ह एन्डेड ॲज लव्हर्स' हे स्टीव्ही वंडरचं गाणं त्याने रॉय ब्यूकॅनन या अमेरिकन गिटारवादकाला अर्पण केलं. ब्यूकॅनन तेव्हा हयात होता, वाजवत होता. व्हॉल्यूमची ती उगवती लकेर ब्यूकॅननच्या हातात आधीपासून होती. याने ती उचलली, उघडपणे नाव घेऊन उचलली, आणि तरी ते गाणं ऐकताना ब्यूकॅननचा भास होत नाही. १९६८ च्या त्याच्या 'ट्रूथ' अल्बमवर शिकागोच्या ब्लूजवाल्या विली डिक्सनची गाणी आहेत. 'आय एन्ट सुपरस्टिशस' आधी हाउलिन वुल्फने १९६१ मध्ये गायलेलं. जेफ बेकच्या हातात आल्यावर त्यात वा-वा पेडल बोलायला लागलं, मांजरासारखं गुरगुरायला लागलं, आणि शिकागोचं गाणं लंडनचं झालं. ब्लूज असाच एकाकडून दुसऱ्याकडे येतो. तुझ्या हातात आल्यावर त्याचं काय होतं, ते मला ऐकायचंय. नकलेत ते ऐकू येणार नाही.

गिटारचं. हप्त्यांवर काहीही घ्यायचं नाही. सुतकात सोनं घेऊ नये म्हणतात, तसं समज हवं तर. पण खरं कारण साधं आहे. तुझ्याकडची स्ट्रॅट कॉपी या कामाला पुरते. व्हॉल्यूमचा नॉब तारांच्या जवळ हवा, करंगळी पोचली पाहिजे. तिच्यात तो आहे. दांडा वापरला की ट्यूनिंग जातं ही तुझी तक्रार खरी. नटच्या (खुंट्यांकडच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचांत मऊ पेन्सिलीचं शिसं घास, तारा तिथेच अडकतात. नव्या तारा लावल्यावर हाताने ताणून घे. मागचं झाकण काढून स्प्रिंगच्या पट्टीचे दोन स्क्रू पाव-पाव फेरा सैल कर, दर वेळी पुन्हा ट्यून कर. ब्रिज किंचित उचलला गेला की दांडा वरच्या बाजूलाही ओढता येईल. पहिले काही दिवस वैताग येईल. मग एका सुरावर बस. एकच सूर, नॉब बंद ठेवून छेडायचा, वर आणायचा, दांड्याने अर्धा स्वर खाली न्यायचा आणि अचूक मूळ जागी आणायचा. ट्यूनर समोर ठेव, आधी कानाने ठरव, मग त्याच्याकडे बघ. पिक माझ्याकडे जमा करायचं.

तुझ्या ड्रमरने "मुलगी जेफ बेक वाजवणार?" असं विचारलं म्हणालीस. त्याला शांतपणे यादी दे. जेनिफर बॅटन त्याच्या बँडमध्ये गिटारवर होती. २००७ ला लंडनच्या रॉनी स्कॉट्स या जॅझ क्लबमध्ये बेसवर ताल विल्कनफेल्ड, जेमतेम विशीची. तिचा सोलो चालू असताना तो बाजूला उभा राहून कसा हसतो ते बघ. पुढे बेसवर ऱ्होंडा स्मिथ, गिटारवर कार्मेन व्हॅन्डनबर्ग, आणि मागच्या वर्षीच्या दौऱ्यात ड्रमवर आनिका निलेस. ड्रमवर, हे त्याला दोनदा सांग.

तर रविवारी असं करू. संध्याकाळी चार वाजता सगळे माझ्याकडे या. कोणी वाजवायचं नाही, फक्त ऐकायचं. वुल्फपासून सुरुवात, मग 'ट्रूथ'. मग ब्यूकॅनन, त्यानंतर त्याला अर्पण केलेलं गाणं. मग रॉनी स्कॉट्सचा व्हिडिओ. आईला घेऊन ये, 'नदिया' तिच्यासमोर लावू. ऐकताना मोबाइल बाहेरच्या टेबलावर, स्टोरी टाकायची तर नंतर टाका. रडू आलं तर रड, आमच्याकडे कोणी विचारणार नाही तो तुझा कोण म्हणून.

कार्यक्रम करायचाच आहे, तर त्याचा वाढदिवस २४ जूनला असतो. यंदा शनिवार आलाय. तोवर तीन गाणी बसव. एक त्याचं, एक त्याच्याही आधीच्या कोणाचं, आणि तिसरं तुझं स्वतःचं. तिसऱ्याला नाही म्हणशील, पण त्याशिवाय मी हॉलसाठी शब्द टाकणार नाही. जूनमध्ये पाऊस लागलेला असेल, तेव्हा उपवनला उघड्यावर करायचं डोक्यातून काढ. अँप भिजला की भरपाई मला द्यावी लागते. शनिवारचे हॉल लवकर जातात, म्हणून बँडमधल्या सगळ्यांच्या परीक्षांच्या तारखा मला या आठवड्यातच कळव, आणि ड्रमर नक्की आहे की बदलायचा, तेही.

तुझा,
गिटारवाले सर