दीपगृह आणि पक्षी एकाच छायाचित्रात कसे टिपावेत?

१५०-६०० मिमीची लेन्स असूनही पक्षी स्पष्ट आला की मागचे दीपगृह पांढरट डाग होते आणि दीपगृह स्पष्ट आले की पक्ष्याचा ठिपका उरतो, अशी तुमची अडचण आहे. शिवाय कोकणात यासाठी कुठे जावे, असेही तुम्ही विचारले आहे. माझ्या मते दोष लेन्सचा नसून ती पूर्ण ताणून वापरण्याच्या सवयीचा आहे. फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १०० मिमी आणि एफ/११ हे छिद्रमान (अ‍ॅपर्चर) ठेवून सुमारे ३० मीटरवर फोकस केल्यास साधारण १५ मीटरपासून क्षितिजापर्यंत सारे स्वीकारार्ह स्पष्ट येते. तुमची लेन्स १५० पासून सुरू होत असल्याने तिच्यावर स्पष्टता जिथून सुरू होते ते अंतर दुपटीहून अधिक वाढते. म्हणून या कामासाठी ७०-३०० सारखी साधी लेन्स मला अधिक उपयोगी वाटते. पक्षी लहान येईल हे खरे, परंतु अशा चित्रात पंखांचा आकार ओळखू आला तरी पुरते. पिसे मोजायची असतील तर दीपगृहाचा नाद सोडावा.

जागा निवडताना मी पक्ष्यांच्या यादीपेक्षा वाऱ्याकडे अधिक पाहतो. दुपारनंतर समुद्राकडून येणारा खारा वारा कड्यावर आदळून वर चढतो आणि त्या उचलीवर घारी पंख न हलवता जवळजवळ एकाच जागी तरंगत राहतात, त्यामुळे चौकट नीट जुळवायला अवधी मिळतो. त्या वेळी पक्ष्यांची तोंडे वाऱ्याकडे, म्हणजे पश्चिमेकडे असतात. मागे उभे राहिल्यास केवळ शेपट्या मिळतात. हिवाळ्यात सूर्य नैर्ऋत्येकडे कललेला असल्याने दीपगृह उत्तरेला दिसेल अशी जागा घ्यावी, म्हणजे ऊन डाव्या खांद्यामागून येते आणि पक्षी बाजूने दिसतो. पहाटे जमिनीवरून वाहणारा मतलई वारा असेल तर पक्षी पूर्वेकडे तोंड करून उतरतात व कोवळे ऊन थेट त्यांच्या चेहऱ्यावर पडते. पहाटे उठण्याचा कंटाळा नसल्यास मी हीच वेळ सुचवेन.

सुरुवातीला रत्नागिरीला जावे. रत्नदुर्ग किल्ल्याच्या तटावरून समोरच्या टेकडीवरील दीपगृह दिसते आणि मिरकरवाडा बंदर जवळ असल्यामुळे मासळीवर टपलेल्या ब्राह्मणी घारींची तेथे वाण नसते. घार नजरेच्या खाली आली की तिची विटकरी पाठ उन्हात उजळते, जी खालून कधीच दिसत नाही. उजेडाचे मोजमाप मात्र दीपगृहाच्या पांढऱ्या रंगावर करून मॅन्युअलमध्ये (कॅमेरा स्वतः बदलणार नाही असे) ठेवावे, कारण कॅमेऱ्यावर सोपवल्यास घारीचे पांढरे डोके आणि छाती पार धुऊन निघते. शटर १/२००० सेकंदाच्या आसपास असावे.

वेंगुर्ला रॉक्सचे, म्हणजे वेंगुर्ल्याजवळच्या समुद्रातील खडकाळ बेटांचे नाव तुम्हाला कोणीतरी सुचवेलच. तेथे दीपगृह आहे, सुरय (टर्न) या समुद्रपक्ष्यांची वीण होते आणि गुहांमध्ये भारतीय पाकोळ्या घरटी करतात, ज्यांची लाळेची घरटी पूर्वी चोरून विकली जात. विणीच्या काळात तेथे होडी नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. माणूस जवळ आल्यावर उडालेल्या सुरयांची अंडी तापलेल्या खडकावर उघडी पडतात. ड्रोनही घरीच ठेवावा, कारण घिरट्या घालणारे यंत्र पक्ष्यांना शिकारी वाटते आणि दीपगृहाच्या परिसरात ते उडवण्यासाठी परवानगीचा प्रश्न येतो तो वेगळाच.