कोकणातील डिझेल गाडी जानेवारीत मनालीला न्यायची असल्यास कोणती तयारी करावी?

आपण लिहिले आहे की गाडी सहा वर्षांची आणि डिझेलची आहे, ती रत्नागिरी जिल्ह्याबाहेर फारशी गेलेली नाही, जानेवारीत आईवडिलांना घेऊन मनाली आणि जमल्यास अटल बोगद्यापलीकडे सिस्सूपर्यंत जाण्याचा बेत आहे, आणि टायर नवे असल्यामुळे आणखी काही करण्याची गरज नाही असे ओळखीचे लोक सांगतात. माझे चिपळूणला गॅरेज आहे आणि इथून हिमाचलकडे जाणाऱ्या गाड्या तयार करण्याचे काम माझ्याकडे येत असते, म्हणून आग्रहाने सांगतो की एवढ्यावर निघू नका. आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत वाढलेल्या गाडीत जागोजागी पाणी शिरलेले असते. इथे थंडीतही पारा शून्याच्या जवळपास जात नसल्यामुळे त्या पाण्याचा त्रास कधी जाणवत नाही. सिस्सू-केलाँगच्या बाजूला रात्री तापमान उणे दहाच्याही खाली जाते आणि तिथे हेच पाणी गाडी बंद पाडते. तेव्हा निघण्यापूर्वी ते शोधून काढणे हे पहिले काम.

सुरुवात रेडिएटरपासून करावी. आपल्याकडे कूलंट कमी झाले की विहिरीचे किंवा नळाचे पाणी ओतण्याची सवय सर्रास आहे, त्यामुळे काही वर्षांनी टाकीतला रंग फिकट होतो आणि आत मुख्यतः पाणीच उरते. पाणी गोठताना साधारण नऊ टक्क्यांनी फुगते आणि तो दाब रेडिएटरच्या नळ्यांनाच काय, इंजिनच्या ब्लॉकलाही तडा देऊ शकतो. केवळ वरून कूलंट घालून भागत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना जुने सगळे काढून, आतून धुऊन, गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचे कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरावे. इथिलीन ग्लायकॉलचे, म्हणजे कूलंटमधील मुख्य द्रवाचे, असे मिश्रण उणे 37 अंशांच्या आसपासपर्यंत टिकते. जास्त घातले तर जास्त चांगले, असा समज इथे खरा ठरत नाही, कारण निव्वळ ग्लायकॉल उणे 13 च्या सुमारासच गोठू लागते. तयार मिसळलेले कूलंट घेतले असेल तर त्यात पुन्हा पाणी घालू नये. काढलेले जुने कूलंट अंगणात ओतू नका. ते चवीला गोड आणि विषारी असते, कुत्रीमांजरे ते चाटतात.

याच वेळी केबिनचा हीटर चालू करून पाहावा. कोकणात त्याचा नॉब वर्षानुवर्षे कोणी फिरवत नाही, त्यामुळे त्याची झडप गंजून अडकलेली किंवा आतली जाळी तुंबलेली आढळते. वयस्कर माणसे सोबत असताना ही चैनीची गोष्ट नव्हे, आणि समोरच्या काचेवर आतून धरणारे धुके घालवण्यासाठीही हीटर लागतोच.

दुसरी जागा डिझेल फिल्टर. त्याच्या तळाशी पाणी वेगळे साचण्याची सोय असते आणि ते काढण्यासाठी खाली एक स्क्रू असतो. तो सैल करून निघालेले डिझेल पारदर्शक बाटलीत धरा आणि थोडा वेळ तसेच ठेवा. वर पिवळसर डिझेल आणि तळाशी बोटभर स्वच्छ थर दिसला तर तो थर पाण्याचा आहे. अर्धी टाकी रिकामी ठेवून पावसाळाभर उभ्या असलेल्या गाड्यांत हे हमखास दिसते, कारण टाकीतल्या दमट हवेतले बाष्प रात्री आतल्या बाजूला धरते. हे पाणी फिल्टरमध्ये गोठले की इंजिनला डिझेल मिळत नाही. म्हणून फिल्टर नवाच बसवावा आणि डोंगरात रोज संध्याकाळी टाकी भरून ठेवावी.

डिझेलचा स्वतःचाही एक प्रश्न आहे. त्यात विरघळलेले मेण थंडीत घट्ट होऊन फिल्टर तुंबवते, आणि भारतीय मानकांत फिल्टर तुंबण्याच्या तापमानाची कमाल मर्यादा उन्हाळी डिझेलसाठी 18 अंश, तर हिवाळी डिझेलसाठी 6 अंश सेल्सिअस आहे. यावरून रत्नागिरीत भरलेले डिझेल घेऊन बर्फात जाण्यात काय धोका आहे ते लक्षात येईल. सुदैवाने वाट दोन हजार किलोमीटरांहून लांब असल्यामुळे ते वाटेतच संपते; शेवटची टाकी मात्र मनालीच्या परिसरातील चालत्या पंपावर भरावी, म्हणजे स्थानिक हवामानाचा विचार करून आलेले इंधन मिळण्याची शक्यता वाढते. लडाखसाठी इंडियन ऑइलने 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास डिझेल आणले आहे, पण ते सगळीकडे मिळते असे धरून चालू नका. डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याचा जुना सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईलच. तो ऐकू नका. आजच्या इंजिनांचा पंप आणि इंजेक्टर त्याने खराब होतात.

हीटर प्लग, म्हणजे थंड डिझेल इंजिन सुरू होताना सिलिंडर आतून तापवणारे प्लग, तेही तपासून घ्या. आपल्या हवेत ते जळलेले असले तरी गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते, त्यामुळे बिघाड कळतच नाही, आणि तो कळतो थेट बर्फात पहाटे. इंजिन ऑइलच्या बाबतीत डब्याच्या आकड्यातील डब्ल्यूच्या आधीची संख्या पाहावी. 20डब्ल्यूचे ऑइल थंड इंजिन फिरवण्याच्या चाचणीत उणे 15 अंशांपर्यंत तपासले जाते, 5डब्ल्यूचे उणे 30 पर्यंत. पुस्तिकेत 5डब्ल्यू-30 चालते असे लिहिले असेल तर या प्रवासापूर्वी तेच भरावे.

बॅटरीकडे मात्र थोडे अधिक लक्ष द्या. शून्याखाली अठरा अंशांवर बॅटरीची ताकद निम्म्यावर येते आणि नेमके तेव्हाच घट्ट झालेले ऑइल ढवळायला सेल्फला जास्त ताकद लागते. शिवाय बॅटरी उतरली की तिच्यातले आम्ल पातळ होते, म्हणजे त्यात पाण्याचा अंश वाढतो: पूर्ण चार्ज बॅटरी उणे 50 अंशांवरही गोठत नाही, पूर्ण उतरलेली मात्र उणे दहाच्या आसपासच गोठू लागते आणि फुटू शकते. खाऱ्या वाऱ्यामुळे टर्मिनलवर जमणारी पांढरी-हिरवट भुकटी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशने साफ करावी, टर्मिनल पूर्ण कोरडे करून आवळावे आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी. बॅटरी तीन-चार वर्षांची असेल तर माझ्या मते नवी घेऊनच निघावे. गाडी 2021 च्या जुलैतील पुरात सापडली असेल तर बॅटरीकडून चॅसीला जाणारी अर्थची वायरही उघडून पाहा. वरून धड दिसणाऱ्या वेष्टनाखाली तांबे काळे पडलेले असते.

हँडब्रेकची केबल बहुतेक जण विसरतात. मागच्या चाकाजवळ केबलच्या टोकाला रबरी टोपी असते. ती दाबून मागे सरकवली की कित्येक गाड्यांत तांबूस, गंजाचे पाणी ठिबकते. हे पाणी रात्री गोठले की हँडब्रेक सुटत नाही आणि मागची चाके जागची हलत नाहीत. केबल बदलून घ्या, आणि तरीही बर्फात रात्री हँडब्रेक लावू नका: गाडी सपाट जागी उभी करून गिअरमध्ये टाकावी आणि चाकांना दगड लावावेत. ब्रेक ऑइलही हवेतले पाणी शोषते, त्यामुळे ते दोन वर्षांपेक्षा जुने असल्यास बदलावे. याचा संबंध थंडीपेक्षा परतीच्या लांब उतारांशी आहे, कारण पाणी शोषलेले ऑइल तापून उकळले की पेडल पोकळ जाते.

वायपरच्या टाकीतले साधे पाणी काढून गोठणार नाही असा काच धुण्याचा द्रव भरा, आणि रात्री वायपर काचेपासून उचलून ठेवा. दारांच्या रबरांना सिलिकॉन स्प्रे मारला की ती चिकटत नाहीत.

आता टायर. नवे असले तरी ते साध्या हवामानाचे आहेत आणि त्यांचे रबर सात अंशांखाली कडक होत जाते, त्यामुळे बर्फावर त्यांचा भरवसा नाही. हवेचा दाब दर पाच-सहा अंशांच्या घटीमागे सुमारे एक पीएसआय उतरतो, तर उंचीमुळे गेज उलट थोडा जास्त दाखवतो. म्हणून मनालीत पहाटे, गाडी हलवण्यापूर्वी मोजूनच हवा भरा. साखळ्या टायरच्या मापाच्या घ्या, त्या इंजिन ज्या चाकांना फिरवते त्याच चाकांना बसतात, आणि अंगणात हातमोजे घालून बसवण्याचा सराव इथेच करा. बर्फ पडल्यावर पोलीस अनेकदा फक्त फोर बाय फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्याच पुढे सोडतात. आईवडील सोबत असताना त्या दिवशी सिस्सूसाठी स्थानिक चालकाची गाडी करावी, असेच मी सुचवेन.

एक धोका जिवाशी आहे. बर्फात अडकल्यावर इंजिन चालू ठेवून, काचा बंद करून बसू नये, कारण सायलेन्सरचे तोंड बर्फाने बुजले की कार्बन मोनॉक्साइड आत येतो आणि त्याला वास नसतो. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानातील मरी येथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक माणसे गेली आणि त्यांतील काहींच्या बाबतीत हेच कारण सांगितले गेले. सायलेन्सरभोवतालचा बर्फ आधी उकरावा, इंजिन थोडाच वेळ चालवावे, काच बोटभर खाली ठेवावी. ब्लँकेट, पाणी, कोरडा खाऊ आणि लहान फावडे गाडीत असू द्यावे.

ही सगळी कामे निघण्याच्या आदल्या दिवशी करू नका. निदान दोन आठवडे आधी उरका आणि नंतर गाडी कुंभार्ली किंवा आंबा घाटातून एकदा वर-खाली करून आणा. कूलंट बदलल्यावर राहिलेली हवा, सैल राहिलेली क्लिप, फिल्टरची गळती हे सारे पहिल्या चढातच उघडे पडते, आणि ते घराजवळ दुरुस्त करता येते.