पावसाळ्यात टॉवरवरचे वायरलेस इंटरनेटचे रेडिओ सारखे जळतात, रेडिओची कंपनी बदलू का?

कंपनी बदलायच्या आधी अर्थिंग बघा. बहुतेक वेळा रेडिओ खराब नसतो, जवळपास वीज पडली की लांब इथरनेट केबलमधून सर्ज (अचानक वाढलेला व्होल्टेज) येतो आणि सगळ्यात आधी केबल लागते तो पोर्टच जातो, म्हणून शिल्डेड (आत धातूचं आवरण असलेली) आउटडोअर केबल टाका, शिल्ड नीट अर्थ करा आणि सर्ज प्रोटेक्टर वर रेडिओजवळ आणि खाली स्विचजवळ असा दोन्हीकडे लावा. केबलला रेडिओखाली लूप द्या म्हणजे पाणी कनेक्टरमध्ये न जाता खाली ठिबकतं. आणि हो, २४ व्होल्टच्या रेडिओला घाईत ४८ व्होल्टचा पॅसिव्ह इंजेक्टर (इथरनेट केबलमधूनच वीज देणारा, समोरचं उपकरण न तपासणारा अडॅप्टर) लागला तरी तो जळू शकतो, लेबल लावून ठेवा. ६० गिगाहर्ट्झची लिंक (दोन रेडिओंमधली बिनतारी जोडणी) जोरदार पावसात तुटते तो बिघाड नाही, बॅकअपला ५ गिगाहर्ट्झ हवंच. एक स्पेअर रेडिओ कॉन्फिग (सेटिंग) करून तयार ठेवा, अख्खं गाव त्या एका लिंकवर असतं.