चण्याचे पाणी हॉलंडेजमध्ये का चालत नाही?

प्रश्न : आमच्याकडे अंडे चालत नाही. काबुली चणे शिजवलेल्या पाण्याचे मेयोनीज छान जमले, म्हणून तेच पाणी हॉलंडेज या बलक आणि लोण्याच्या कोमट सॉससाठी बलकाऐवजी वापरले. सॉस शेवटपर्यंत पातळ राहिला आणि वर लोण्याचा तवंग आला. काय चुकले? कस्टर्ड सॉसचेही असेच होईल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपल्या हाताला दोष नाही, दोन्ही सॉसमध्ये बलक एकच काम करतो, हा समज तेवढा चुकला. मेयोनीजमध्ये बलक शिजतच नाही. त्यातील लेसिथिन (तेल-पाण्याला एकत्र धरणारा स्निग्ध घटक) आणि प्रथिने तेलाच्या सूक्ष्म थेंबांभोवती आवरण धरतात, त्यामुळे ते थेंब पुन्हा एकमेकांत मिसळत नाहीत. हे काम चण्याच्या पाण्यातील प्रथिनांनाही जमते. मात्र ते पाणी भिजवणाचे नव्हे, शिजवणाचे हवे, आणि गार झाल्यावर ते अंड्याच्या पांढऱ्याइतके चिकट नसेल तर थोडे आटवून घ्यावे. अशा तीन मोठ्या चमचे पाण्यात मोहरीची पेस्ट व लिंबाचा रस घालून सुमारे १८० मिली तेल बारीक धारेने घोटले, की चमचा उभा राहील असे मेयोनीज होते.

हॉलंडेजमध्ये बलकावर दुसरीही जबाबदारी असते. मंद आचेवर साधारण ६५ ते ७० अंश सेल्सियसला तो दाटू लागतो आणि सॉसला अंग, म्हणजे दाटपणा, देतो. आच वाढली तर त्याच्याच गुठळ्या होतात, म्हणून तर हा सॉस अवघड मानला जातो. चण्याचे पाणी तापवल्याने तसे दाटत नाही, आणि वितळलेले लोणी पेलण्याइतका दाटपणा नसल्यामुळे तूप वर येते. अंगासाठी येथे स्टार्चच हवा. १०० मिली थंड दुधात दीड चहाचा चमचा कॉर्नफ्लोअर कालवून एक-दोन मिनिटे रटरटू द्यावे, भांडे खाली उतरवून १०० ग्रॅम बिनमिठाचे गार लोणी एकेक तुकडा घालत घोटावे, आणि लिंबाचा रस अगदी शेवटी घालावा. रंगासाठी हळद सुईच्या टोकावर मावेल इतकीच. चिमूटभर काळे मीठ घातल्यास त्यातील गंधकामुळे अंड्याचा वास येतो, पण हात सैल सुटला तर सॉसची चाट होते! माझ्या मते हे खरे हॉलंडेज नव्हे, त्याचे चुलत भावंड आहे. उकडलेल्या शतावरीच्या कोंबांवर मात्र ते शोभते.

अंड्याऐवजी जवसाचा बुळबुळीत गर केकमध्ये चालतो. या सॉसमध्ये तो तारा सोडतो, म्हणून टाळावा.

कस्टर्डची चिंता आपल्याला मुळीच नको. आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडे सोसत नसे, म्हणून त्यांनी १८३७ साली बर्मिंगहॅममध्ये कॉर्नफ्लोअरवर आधारित, बिनअंड्याची कस्टर्ड पावडर तयार केली. आपल्याकडचे फ्रूट कस्टर्ड त्याच वाटेने आले आहे. आचेची रीत मात्र नेमकी उलटी आहे. बलकाचे कस्टर्ड उकळले की फाटते, तर पावडरीचे उकळले नाही तर पिठूळ लागते. त्यामुळे पाव लिटर दुधाला दोन चहाचे चमचे पावडर थंड दुधात कालवून लावावी आणि बुडबुडे फुटू लागल्यावरही मिनिटभर ढवळत राहावे.