रात्रीचा तो तासभर: नव्याने गेम खेळू लागणाऱ्यांसाठी

ऑफिस, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आटोपून रात्री उरलेला तास गेममध्ये घालवावा का, असं विचारलंत. खुशाल घालवा. सुरुवात ‘स्टारड्यू व्हॅली’ या शेती करायच्या गेमने करा. एरिक बरोन या एकट्या माणसाने चित्रं, संगीत, प्रोग्रॅमिंग सगळं स्वतः करून २०१६ साली तो आणला, आणि ती माया खेळताना जाणवते.

यातला दिवस साधारण १४ मिनिटांचा. पात्र झोपलं की खेळ सेव्ह होतो, त्यामुळे ‘आज दोनच दिवस’ असं ठरवून थांबता येतं. सुरुवातीला पार्सनिप या गाजरासारख्या कंदाचं बियाणं मिळतं. रोज झारीने पाणी घाला, चार दिवसांत पीक काढणीला येतं. पहिला कंद उपटताना होणारा आनंद अगदी खरा असतो, त्याला पोरकटपणा समजू नका. २८ दिवसांनी ऋतू बदलला की बरीचशी उभी पिकं मरतात, तेवढं सांभाळा. मासेमारी लगेच हाताला बसत नाही, ती नंतर बघा.

यूट्यूबवरची नफ्याची गणितं मात्र इतक्यात नकोत. टार्गेटं आपण दिवसभर गाठतोच की! पाऊस पडला तर त्या दिवशी पाणी घालायचं काम नाही, सरळ गावात फिरा, लोकांशी बोला.