वडिलांकडूनही येतो का हो?

"आईकडे कुणालाच कॅन्सर नाही. आत्याला ओव्हरीचा झाला, पण ती बाबांकडची. मग मला काय भीती?"

आनुवंशिक कॅन्सरबद्दल विचारायला येणाऱ्यांकडून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की समोरच्याच्या तोंडून 'आत्या' निघाली की पुढचं मला पाठ असतं. कधी कधी डॉक्टरसुद्धा 'आईला किंवा मावशीला होता का?' एवढंच विचारून मोकळे होतात.

ती चौतिशीची. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) मोठा भाऊ गाडी चालवायला म्हणून आलेला, बाहेर मोबाईल घेऊन बसला होता. तिला स्वतःला भीती वाटत नव्हती, नवऱ्याने फारच मागे लागून पाठवलं होतं. तरी खुर्चीत बसताबसता तिने बाही वर सरकवली. "रक्त घेऊन टाका मॅडम, सुटू एकदाचे."

मी कोरा कागद पुढे ओढला. बाईला गोल, पुरुषाला चौकोन. ज्याला आजार झाला त्याची आकृती भरायची, जो गेला त्याच्यावर तिरपी रेघ. आजी: स्तनाचा कॅन्सर, ४६ व्या वर्षी. गोल भरला, रेघ मारली. आत्या: अंडाशयाचा, ५२ व्या वर्षी, उपचार झालेत. गोल भरला. या दोघींच्या मध्ये बाबा, ठणठणीत. चौकोन कोराच राहिला. तिने नेमकं त्याच्यावर बोट ठेवलं. "बघा ना, बाबांना काहीच नाही!"

त्या कोऱ्या चौकोनावरच आम्ही अर्धा तास बोललो. ज्यांच्यात दोष असला की स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो अशी दोन जनुकं आहेत. बीआरसीए१ हे १७ व्या गुणसूत्रावर असतं, बीआरसीए२ १३ व्या. लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांशी दोन्हींचा संबंध नाही. प्रत्येकाकडे यांच्या दोन-दोन प्रती असतात. एकीत दोष असेल तर तो प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी, मग देणारा बाप असो की आई. पुरुषाला अंडाशय नाही, स्तनाचा कॅन्सर क्वचित होतो. त्यामुळे दोष त्याच्याकडे बहुतेकदा मुकाट राहतो आणि लेकीकडे उतरू शकतो. ज्या घरात मुलगेच जास्त, तिथे तर दोन पिढ्या काहीच दिसत नाही.

"मग घ्या ना माझं रक्त."

"आधी आत्यांचं."

हे तिला पटेना. तुमचा रिपोर्ट निर्दोष आला, तर एक तर घराण्यातला दोष तुमच्याकडे आलेला नाही, नाही तर घराण्यातला दोष या चाचणीत सापडणाराच नव्हता. आत्यांचा रिपोर्ट हातात नसेल तर यातलं खरं कुठलं, हे मलाही सांगता येणार नाही.

आत्या तीन आठवड्यांनी आल्या, कुरकुरतच. "माझं व्हायचं ते झालं, आता कशाला उकरायचं?" दोष सापडला तर त्यांच्या स्वतःच्या उपचारातही पार्प-रोधक औषधांचा (कॅन्सरच्या पेशींना आपला डीएनए दुरुस्त करू न देणाऱ्या गोळ्यांचा) विचार होऊ शकतो, हे कळल्यावर सही केली. बीआरसीए२ मध्ये दोष निघाला.

आता भाचीची चाचणी सरळ होती, तोच एक दोष शोधायचा. भावालाही विचारलं. तो हसला, "मी पुरुष आहे, मॅडम." मी तोच कागद त्याच्यापुढे ठेवला.

निकाल दोघांना वेगवेगळे बसवून सांगितले. तिच्याकडे दोष नव्हता. म्हणजे तिचा धोका आता साधारण इतर कुठल्याही बाईइतकाच. ती आनंदेल असं वाटलं होतं. तिने रुमाल तोंडावर धरला आणि विचारलं, "दादाचा?" तो त्याचा त्याने सांगायचा, म्हटलं. दहा मिनिटांत त्यानेच सांगितला. त्याच्याकडे होता.

"म्हणजे होणारच?" त्याचा पहिला प्रश्न. नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात बीआरसीए२ चा दोष असलेल्या स्त्रियांमध्ये ८० वर्षांपर्यंत स्तनाच्या कॅन्सरची शक्यता सुमारे ६९ टक्के आणि अंडाशयाच्या कॅन्सरची सुमारे १७ टक्के आढळली. आकडे मोठेच आहेत, मी ते कधी गुळमुळीत सांगत नाही. पुरुषाला मुख्य काळजी प्रोस्टेटची, थोडी छातीतल्या गाठीची.

"मुलींची कधी करायची?" एक नऊ वर्षांची, एक सहा. आता नाही. लहानपणी या माहितीचा त्यांना काहीच उपयोग नाही. सज्ञान झाल्या की त्यांचं त्या ठरवतील. दोष निघालाच तर साधारण पंचविशीपासून दरवर्षी एमआरआय, पुढे मॅमोग्राफी, आणि मुलंबाळं झाल्यावर, चाळिशी-पंचेचाळिशीच्या दरम्यान, अंडाशय-बीजवाहिन्या काढण्याचा विचार.

पुढच्या खेपेला वडील आले. बहिणीकडे आणि मुलाकडे तोच दोष, म्हणजे त्यांच्याकडे असणार हे चाचणीआधीच उघड होतं. मी त्यांच्या चौकोनात मधोमध एक ठिपका दिला: दोष आहे, आजार नाही. ते बराच वेळ ठिपक्याकडे बघत राहिले.

"पोराला मीच दिला म्हणायचा."

"तुम्हाला आईने दिला. त्यांना कुणी दिला, ते या कागदावर नाही."

त्यांनी चष्मा पुसला. "बरं, मला काय तपासायचं ते लिहून द्या." मी प्रोस्टेटसाठी पीएसएची रक्ततपासणी लिहिली, आणि खाली छातीत गाठ लागली तर लगेच दाखवायला यायचं, असं मोठ्या अक्षरात.