दहावीनंतर इलेक्ट्रिकल की टेलिकॉम?

प्रश्न: मी देवगडची, यंदा दहावी झाले. डिप्लोमाला इलेक्ट्रिकल घेऊ की टेलिकॉम? बाबा म्हणतात आपली आंब्याची बाग आहे तर इंटरनॅशनल इकॉनॉमिक्स शिक. काय करू?

उत्तर: अगं, बाबांचं अगदीच चूक नाहीये. 2014 ला युरोपने फळमाशीमुळे आपल्या आंब्यावर बंदी घातली, 2015 ला उठवली, अमेरिकेला पाठवायचा तर विकिरण, म्हणजे कीड रोखायला आंब्यावर किरणांचा मारा, करावं लागतं, हे असले व्यापाराचे नियम, चलनाचे दर त्या विषयात येतात. पण त्याचा वेगळा कोर्स दहावीनंतर नसतो, बारावी करून बीए इकॉनॉमिक्स, मग एमए, आणि गणित लागतंच बरं का.

डिप्लोमा तीन वर्षांचा, नंतर इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. रत्नागिरी, मालवणला सरकारी पॉलिटेक्निक आहेत, कुठे कोणती ब्रँच ते डीटीईच्या (तंत्रशिक्षण संचालनालयाच्या) यादीत बघ. टेलिकॉममध्ये सिग्नल, अँटेना, फायबर, पण त्यातल्या बऱ्याच नोकऱ्या पुण्या-मुंबईकडे. इलेक्ट्रिकलमध्ये मोटर, ट्रान्सफॉर्मर, स्विचगिअर (वीज चालू-बंद करणारी, बिघाडात तोडणारी यंत्रणा). घराजवळ राहायचं असेल तर माझं मत इलेक्ट्रिकलला, कारण दर वादळात कोकणातले विजेचे खांब पडतातच, म्हणजे इथेच काम, शिवाय सोलर पंप, कोल्ड स्टोरेज आहेच.